ते पोरगं ‘गुड’ कशाला म्हणतंय?

दुपारच्या चहाच्या आधी फिजिओथेरपिस्ट येतो. बाविशीतला मुलगा असेल, पाठीला सॅक, सॅकमध्ये प्लॅस्टिकचे रंगीत पेले, कपड्यांचे चिमटे आणि एक पिवळा चेंडू. त्या दिवशी त्याने पेले टेबलावर मांडले आणि म्हणाला, “आजी, आता एकावर एक रचायचे.” आत्याने उजवा हात उचलला. हात निघाला तो बरा निघाला, पण पेला जवळ येऊ लागला तशी त्याची थरथर वाढत गेली. शेवटच्या वीतभर अंतरात तो इकडून तिकडे झोले खाऊ लागला आणि बोटं पेल्याभोवती मिटायच्या ऐवजी त्याच्यावर जाऊन आदळली. पेला घरंगळत सोफ्याखाली गेला. “व्हेरी गुड आजी!” असं म्हणत मुलगा गुडघ्यांवर बसला आणि सोफ्याखाली हात घालून पेला शोधू लागला. पुढच्या खेपेला पेला पेल्यावर नीट बसला. तेव्हाही “व्हेरी गुड!” सूर तोच, हसू तेच.

तो गेल्यावर आत्या गप्प होती. चहाचा कप तिने डाव्या हाताने उचलला, दोन घोट घेतले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “चुकलं ते मला दिसतंय की. मग ते पोरगं गुड कशाला म्हणतंय?” मी काहीतरी पुटपुटले, तुला हुरूप यावा म्हणून म्हणतो गं. “हुरूप न्हाई येत,” ती म्हणाली. “लाज वाटती.”

या प्रश्नाने माझी झोप उडवली असं म्हणणं नाटकी होईल. पण भाजी निवडताना, रिक्षात, भांडी आवरताना तो परत परत वर येत राहिला.

बार्शीला एका पहाटे आत्या उठली तर खोली गरागरा फिरत होती. मग उलट्या. तिने स्वतःच निदान केलं, पित्त. भिंतीला धरून मोरीपर्यंत गेली आणि उंबऱ्याशी उजवीकडे झोक जाऊन पडली. एमआरआयमध्ये लहान मेंदूच्या उजव्या भागाचा रक्तपुरवठा तुटलेला दिसला. मोठ्या मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली तर डावं अंग जातं, हे आपण ऐकून असतो. लहान मेंदूचं तसं नाही. त्याच्या उजव्या भागाचा तडाखा उजव्याच अंगाला बसतो. आणि अंग लुळंही पडत नाही. आत्याच्या उजव्या हातात आजही इतकी ताकद आहे की तिने मनगट धरलं तर सोडवून घेताना माझी दमछाक होते. गेला आहे तो नेम. “पहिलं हात आपसूक जायचा,” ती सांगते, “आता हाताला सांगावं लागतंय. हितं थांब, आता वळ.” गॉर्डन होम्स नावाच्या मज्जातज्ज्ञाने पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये डोक्याच्या मागच्या बाजूला गोळी लागलेले सैनिक तपासले आणि लहान मेंदूच्या इजेची लक्षणं बारकाईने लिहून ठेवली. पुढे त्याने एका रुग्णाचं म्हणणंही नोंदवलं आहे. त्याचा आशय असा, की डावा हात नकळत हलतो, उजव्याची मात्र एकेक हालचाल विचार करून करावी लागते; वळायची वेळ आली की तो थबकतो आणि पुन्हा निघण्याआधी मला विचार करावा लागतो. हे वाचलं तेव्हा मी आत्याच्या खोलीत डोकावून आले. ती झोपली होती, उजवा हात उशाखाली.

शाळेत लहान मेंदू, म्हणजे अनुमस्तिष्क, हा दोन गुणांचा प्रश्न होता. शरीराचा तोल सांभाळणे, ऐच्छिक हालचालींत सुसूत्रता आणणे, संपलं. वजनाने तो अख्ख्या मेंदूच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढा, मागे मानेच्या वर, दुर्लक्षित. पण २००९ मध्ये ब्राझीलमधल्या संशोधकांनी माणसाच्या मेंदूतल्या पेशी मोजल्याचं प्रसिद्ध झालं (मेंदूचं अक्षरशः सूप करून त्यातली केंद्रकं मोजायची त्यांची रीत होती), आणि एकूण सुमारे ८,६०० कोटी चेतापेशींपैकी तब्बल ६,९०० कोटी या दहाव्या हिश्श्यात निघाल्या. नुसता तोल सांभाळायला एवढ्या?

आत्याचा हात म्हटलं की मला भाकरी आठवते. उन्हाळ्याच्या सुट्टीतली बार्शी, मालदांडी ज्वारी, गिरणीतून आलेलं पीठ डब्यात ओततानाही कोमट असायचं. परातीत पिठाचं आळं करून त्यात गरम पाणी, मग तळहाताच्या टाचेने रगडून रगडून मळणं, मग उंडा. परातीत कोरडं पीठ भुरभुरवून थापायला लागली की भाकरी तिच्या हाताखाली आपणहून फिरायची. थप, थप, थप, मध्येच बांगड्यांचा एक किणकिणाट, पुन्हा थप. डोळे भाकरीवर नसतच. ती आमच्याशी बोलत असे, कुणाचं लग्न कुठे ठरलं, कुणाच्या विहिरीला पाणी लागलं. तरी कड मधल्या भागाइतकीच पातळ, कुठे भेग नाही. ओंजळीवर उचलून तव्यात, वरून पाण्याचा हात, पाणी सुकत आलं की उलथणं, आणि शेवटी निखाऱ्यांपुढे उभी केली की ती टम्म फुगायची. पापुद्रा उचलला की आतली वाफ बोटांना चटका द्यायची. त्या वाफेला जो गोडसर वास होता तो पुण्यात गॅसवर मला कधी सापडला नाही. हे माझं नाक म्हातारं झाल्यामुळेही असेल.

हा हात शिकला कसा, ते आत्या स्वतः सांगते. माझी आजी, म्हणजे तिची आई, तोंडावर कौतुक करणारी नव्हती. त्या पिढीत कौतुक म्हणजे दृष्ट लागायला आमंत्रण, आणि पोरीचं कौतुक तर विचारूच नका. मोडकी भाकरी गाईला जायची. बरी भाकरी घरातल्या बायकांच्या जेवणात. आणि सगळ्यांत देखणी, एकसारखी फुगलेली, ती आजोबांच्या ताटात. आजी काही बोलत नसे, पण फ्रॉकमधल्या आत्याचा डोळा त्या ताटावर असे. आपली भाकरी कुठे जाते? “अन् एक दिवस गेली की,” आत्या सांगते, आणि अजूनही हे सांगताना तिची मान जराशी ताठ होते. “आई बोलली न्हाई काय. पर भाकरी गेली.” दुसऱ्या दिवशी मात्र गेली नाही. ती थांबून राहिली, आजीने ताट वाढलं, भाकरी दुसरीच होती. त्या रात्री जेवण गेलं नाही म्हणे. साठ वर्षांहून जुनी गोष्ट आहे. ती न गेलेली भाकरी तिला गेलेल्या भाकरीपेक्षा जास्त स्पष्ट आठवते.

लहान मेंदू शिकतो कसा, याची जी गोष्ट इतकी वर्षं सांगितली गेली, तिच्यात आजोबांच्या ताटाला जागा नव्हती. ती सगळी गोष्ट चुकांची होती. तिची मुख्य पात्रं म्हणजे पुर्किंये पेशी, यान पुर्किंये या चेक शास्त्रज्ञाने १८३७ मध्ये प्रागच्या सभेत दाखवलेल्या. भलामोठा फांद्यांचा पिसारा, पण एकाच प्रतलात पसरलेला, चपटा. या पिसाऱ्यातून अतिशय बारीक समांतर तंतू आरपार जातात, एकेका पेशीच्या वाट्याला एक लाखाहून अधिक. अंग कुठे आहे, डोळ्यांना काय दिसतंय, हात कुठे निघालाय, अशी सगळी खबर ते आणतात. आणि याशिवाय प्रत्येक पेशीला एक, फक्त एक, वेगळा तंतू येतो. मेंदूच्या देठातून निघालेला हा तंतू झाडावर वेल चढावा तसा पेशीच्या फांद्यांवर चढतो. तो बोलतो कमी, सेकंदाला साधारण एकदा, पण बोलला की पेशी हादरते. १९६९ मध्ये डेव्हिड मार या तरुण इंग्रजाने आणि १९७१ मध्ये अमेरिकेतल्या जेम्स आल्बसने स्वतंत्रपणे मांडलं की हा एकटा तंतू म्हणजे शिक्षक असणार. आल्बसच्या मते तो ओरडतो तेव्हा चूक झालेली असते, आणि त्या क्षणी जे समांतर तंतू बोलत होते त्यांचं वजन, म्हणजे पेशीवरचा प्रभाव, घटतं. १९८२ मध्ये जपानच्या मासाओ इतोंनी असं वजन खरोखर घटतं हे प्रयोगात दाखवलं. थोडक्यात, छडी.

छडीची ही गोष्ट खोटी नाही. नव्वदच्या दशकात अमेरिकेत सेंट लुइसला एक प्रयोग झाला होता. लोकांना नजर एका बाजूला सरकवणारे प्रिझमचे चष्मे घालायला दिले आणि समोरच्या खुणेवर मातीचे गोळे मारायला सांगितले. सुरुवातीला गोळे एका बाजूला पडतात, मग हात हळूहळू नेम दुरुस्त करतो. चष्मा काढला की गंमत होते, आता गोळे उलट्या बाजूला पडू लागतात, कारण दुरुस्ती हातात मुरलेली असते. लहान मेंदूला इजा झालेल्या अनेकांमध्ये हे घडलंच नाही. चुकलं ते त्यांना दिसत होतं, पण दिसलेल्या चुकीचं हातात काही मुरत नव्हतं.

चुकलं ते मला दिसतंय की.

२०१७ मध्ये या गोष्टीत एक पात्र अचानक शिरलं, तेही मागच्या दाराने. स्टॅनफर्डमध्ये मार्क वॅगनर आणि त्यांचे सहकारी उंदरांच्या लहान मेंदूतल्या कणिका पेशी बघत होते. या पेशी मेंदूतल्या सगळ्यांत छोट्यांपैकी आणि संख्येने सगळ्यांत जास्त. वर जे समांतर तंतू म्हटले ते यांचेच. पेशी काम करू लागली की चमकावी अशी सोय जनुकांतून केलेली, आणि जिवंत, जाग्या उंदराच्या मेंदूत ती चमक सूक्ष्मदर्शकातून बघायची. उंदराचं काम सोपं होतं. एक दांडा पुढे ढकलायचा, क्षणभर थांबायचं, मग साखरेच्या पाण्याचा थेंब मिळतो. पेशी ढकलण्याच्या वेळी चमकतील अशी अपेक्षा होती, आणि त्या चमकल्याच. पण काही पेशी ढकलून झाल्यावर चमकत होत्या, उंदीर नुसता थेंबाची वाट बघत असताना. काही थेंब मिळाल्यावर. आणि काही, मला सगळ्यांत आवडलेल्या, फक्त तेव्हा चमकत होत्या जेव्हा थेंब यायला हवा होता आणि आला नाही.

हे वाचलं तेव्हा मला आजोबांचं ताट दिसलं, दुसऱ्या दिवशीचं.

विचार केला तर यात फार अचंबा वाटायला नको. आपल्याला आपल्याच हाताने गुदगुल्या होत नाहीत. लंडनमध्ये १९९८ मध्ये सारा-जेन ब्लेकमोर आणि सहकाऱ्यांनी मेंदूचे स्कॅन काढून याचं कारण तपासलं, तेव्हा बोट लहान मेंदूकडे गेलं. हात हलवताना त्याचा स्पर्श कसा लागणार हे तो आधीच सांगून ठेवतो, मग स्पर्श आला तरी त्याची नवलाई उरत नाही. म्हणजे त्याचा धंदाच मुळी ‘आता पुढे काय’ हा. पाऊल टाकलं की जमीन कुठे लागेल, तर मग दांडा ढकलल्यावर साखर कधी लागेल, हेही त्याने का सांगू नये? पण दोनशे वर्षांचा समज असा होता की सुखाची, बक्षिसाची, हव्यासाची खाती मेंदूत दुसरीकडे आहेत, आणि हे मागचं बिऱ्हाड फक्त हातापायांचं बघतं. समज अंगवळणी पडला की तो तपासायचं कुणाला सुचत नाही. वॅगनर यांनाही ही गोष्ट दुसरंच काही शोधताना सापडली.

मग पाठोपाठ बाकीचे आले. लंडनमध्ये आणि अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात दिसलं की तो वेलीसारखा चढणारा तंतू, ज्याच्या हातात आपण छडी दिली होती, तो बक्षिसाच्या आणि बक्षिसाच्या इशाऱ्याच्या वेळीही बोलतो. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइनस्टाइन वैद्यकीय महाविद्यालयातल्या कमरान खोदाखा यांच्या गटाने दाखवलं की लहान मेंदूतून थेट मध्यमेंदूतल्या डोपामीन (बक्षिसाशी जोडलेलं मेंदूतलं रसायन) पेशींच्या पुंजक्याकडे तंतू जातात. हे तंतू प्रकाशाने चेतवले की उंदीर ज्या कोपऱ्यात ते घडलं त्या कोपऱ्यात परत परत जाऊन बसत. आणि हे तंतू गप्प केले की एरवी दुसऱ्या उंदराच्या सहवासाकडे ओढ घेणारा उंदीर त्या सहवासाला विशेष मानेनासा होई. न्यूयॉर्कमध्येच, कोलंबिया विद्यापीठात, नवीन सेंधिलनाथन आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये माकडांचा प्रयोग प्रसिद्ध केला. हे चिन्ह दिसलं तर डावा हात, ते दिसलं तर उजवा, असं माकडांनी शिकायचं. त्यांच्या पुर्किंये पेशी मागच्या खेपेला उत्तर बरोबर आलं होतं की चूक, ही खबर पुढच्या खेपेपर्यंत धरून ठेवत होत्या. माकड शिकत गेलं तसा या दोन खबरांमधला फरक विरत गेला. पाठ झाल्यावर त्या पेशींना बरोबर काय नि चूक काय, दोन्ही सारखंच.

इथे मला आत्याच्या प्रश्नाचं टोक सापडल्यासारखं वाटलं. नव्वदच्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये वोल्फ्राम शुल्ट्झ माकडांना फळांचा रस देत त्यांच्या डोपामीन पेशी ऐकत होते. रस अनपेक्षित आला की पेशी जोरात बोलत. दिवा लागल्यावर रस येतो हे माकडाला कळलं की पेशी दिव्याला बोलू लागत, आणि रस आला तरी शांत राहत. आणि दिवा लागूनही रस आला नाही, तर नेमक्या त्या क्षणी त्यांचं नेहमीचं पुटपुटणंही बंद पडे. म्हणजे जे बक्षीस येणारच आहे, ते आल्याने मेंदूला नवं काही कळत नाही. पेला बसला तरी गुड आणि सोफ्याखाली गेला तरी गुड. आत्याला लाज वाटत होती ते वेगळं, पण तिची तक्रार मुळात हिशेबाची होती. त्या ‘गुड’मध्ये काही खबरच नव्हती. आजीच्या न बोलण्यात मात्र खबर होती. भाकरी ताटात जाईलही, जाणार नाहीही.

मला इथे आजीची बाजू घ्यायची नाही. न बोलणाऱ्या घरात वाढलेल्या बायका मी पुष्कळ पाहिल्या आहेत. आयुष्यभर त्या दुसऱ्यांच्या ताटाकडे बघत राहतात. आत्याने मला एकदा तरी “छान झालंय” म्हटल्याचं आठवत नाही, माझी बीएची पदवी बघून ती म्हणाली होती, “जेवलीस का?” आता त्यातली माया मला कळते. तेव्हा नुसती जेवले होते.

बाल्टिमोरमध्ये २०१६ साली झालेला एमी बॅस्टियन यांच्या गटाचा एक प्रयोग मात्र मी वहीत उतरवून घेतला. लहान मेंदू झिजत चाललेल्या रुग्णांना हात पुढे नेण्याची दिशा थोडी बदलायला शिकवायचं होतं, हात दिसणार नाही अशा बेताने. एका पद्धतीत पडद्यावर ठिपका दाखवून किती चुकलं ते दिसत होतं. दुसऱ्या पद्धतीत फक्त जमलं की नाही एवढंच, आणि ‘जमलं’ कधी म्हणायचं हे रुग्णाच्या स्वतःच्या मागच्या काही प्रयत्नांच्या सरासरीवरून ठरत होतं. चूक दाखवून शिकवलेलं टिकलं नाही. जमलं-नाही पद्धतीने शिकलेलं त्या मानाने टिकलं, जरी निरोगी माणसांइतकं भराभर नाही, कारण थरथरीमुळे कशाने जमलं हे हातालाच नीट कळत नव्हतं. आता कुणी विचारेल, आणि मीही स्वतःला विचारलं, की लहान मेंदूच जर बक्षिसाच्या हिशेबात आहे, तर तो बिघडल्यावर बक्षिसाने शिकणं शाबूत कसं? मला वाटतं, तो त्या हिशेबात असला तरी एकटा नाही. डोपामीनचं जुनं घर मोठ्या मेंदूच्या पोटात आहेच, तिथे दिवा लागतो. पण हे माझं वाटणं, एवढंच.

फिजिओच्या मुलाला मी हे सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की चुकलं तर चुकलं म्हणत जा, आजींना चालेल. तो जरा बावरला. म्हणाला, “ताई, पेशंट रडतात हो. काही जण हातच उचलेनासे होतात. म्हणून आम्ही कायम पॉझिटिव्ह बोलतो.” त्याचंही खरं होतं, दिवसभर घरोघर जाऊन लोकांच्या न जमण्याकडे बघायचं काम त्याचं. पण त्याने करून बघितलं. आता तो ‘लागला’ आणि ‘नाही’ एवढंच म्हणतो. पहिल्याच दिवशी एक पेला कसाबसा टेकला तेव्हा तो “लागला” म्हणाला आणि आत्याने त्याला थांबवलं. “तिरका हाय. न्हाई म्हण.” दोघं पेल्याकडे वाकून बघत बसले, तिरका आहे की नाही. त्यानंतर लाजेची तक्रार आली नाही. उंदरांची गोष्ट मात्र मी आत्याला सांगितली, तिला गोष्टी आवडतात म्हणून. दांडा, थांबणं, थेंब, सगळं नीट ऐकून ती म्हणाली, “उंदराला साखरंचं पाणी, अन् मला नुसतं ‘लागला’ व्हय?” तेव्हापासून पेले संपले की एक खडीसाखरेचा खडा ठरलेला आहे. तिला साखरेचा त्रास नाही, हे इथेच सांगून टाकते, नाहीतर फोन येतील.

हे इतकं गोड नाही, हेही लिहायला हवं. हाताहून मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. बोस्टनच्या जेरेमी श्माहमान आणि जॅनेट शर्मन यांनी १९९८ मध्ये लहान मेंदूचा आजार असलेल्या वीस रुग्णांची तपासणी प्रसिद्ध केली. हातापायांच्या पलीकडे त्यांना आखणी करण्यात, शब्द सुचण्यात, जागेच्या अंदाजात अडचणी दिसल्या, आणि काहींमध्ये भावनाच बोथट झालेल्या. श्माहमान यांचं म्हणणं असं की हाताचा नेम चुकतो तसा विचारांचाही चुकतो. हे मी आत्यावर लावून बघते आणि मग लावल्याबद्दल स्वतःवर चिडते. पूर्वी भगवंताच्या देवळात भजनाला बसली की मृदंगाच्या समेवर तिची मान अशी पडायची की शेजारच्या बायका तिच्याकडे बघून टाळी धरायच्या. आता मी फोनवर भजन लावते, ती ऐकते, मान पडत नाही. नातीचा दहावीचा निकाल सांगितला, “बरं” म्हणाली. शेजारणी भेटायला आल्या, तिने त्यांना बसा म्हटलं आणि खिडकीबाहेर बघत राहिली. ही तीच, जी चार माणसं जेवायला असल्याशिवाय तवा ठेवायची नाही.

याचं काय करायचं? उंदराचे तंतू गप्प केल्यावर त्याला सोबत्याची ओढ उरली नाही, हे वाचून माझ्या पोटात खड्डा पडला होता. पण उंदीर बार्शी सोडून पुण्याच्या तिसऱ्या मजल्यावर राहायला आलेला नसतो. त्याचा हात सगळ्या गावात नावाजलेला नसतो. सत्तरी ओलांडलेल्या बाईचा हात गेला, घर गेलं, गाव गेलं, आणि ती गप्प झाली, तर त्यासाठी मज्जातंतू कशाला हवेत? दुसरीकडे, हे सगळं दुःखच आहे असं म्हणून मोकळं होणंही मला जमत नाही, कारण तसं म्हटलं की आपण “मन रमव गं” असे सल्ले देऊ लागतो, आणि मन रमवायचं जे यंत्र तेच फुटलं असेल तर तो सल्ला म्हणजे त्या पेल्याच्या ‘गुड’हूनही वाईट. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, दोन्ही असू शकतं. प्रामाणिक उत्तर होतं. उपयोग काही झाला नाही.

परवा मात्र ती आपणहून स्वयंपाकघरात आली. एका हाताने ओट्याची कड धरून, परात पुढे ओढून, म्हणाली, पीठ दे. मी आळं केलं, पाणी ओतलं, मळलं तिने डाव्या हाताच्या जोराने. थापताना डावा हात फिरवत होता आणि उजवा त्याच्यामागून उशिरा येत होता, कधी भाकरीवर, कधी परातीच्या काठावर. थप, मग बराच वेळ काही नाही, मग ठण्. पोळपाटाएवढी होण्याआधीच भाकरीच्या कडेला भेगा पडल्या, आणि उचलताना ती मधून तुटली. आत्याने तुकडा बोटांत चुरून बघितला, वास घेतला. “पिठाला विरी न्हाई,” ती म्हणाली. “जुनं हाय. कुठनं आणलंस?” मी कोपऱ्यावरच्या गिरणीचं नाव सांगितलं. “त्याला म्हणावं, म्हातारीला फसवू नको.” आवाजात कित्येक दिवसांनी धार होती, ती ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी काही बोललेच नाही.

भाकरी मोडली की चूक हाताची की पिठाची, हे ज्याने ठरवायचं तोच तिचा मेंदूचा तुकडा गेला आहे. किंवा गेला नसेल, आणि पीठ खरंच जुनं असेल. तिच्या हयातीत पिठाच्या बाबतीत ती चुकल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. मी संध्याकाळी पिशवी घेऊन गिरणीत गेले. गिरणीवाल्याने पीठ चिमटीत घेतलं, चोळलं, आणि म्हणाला, “ताई, हे कालच दळलंय. ज्वारी जुनी असेल तर मला माहीत नाही, ती तुम्हीच आणली होती.”